प्रकृती कशी आहे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



‘आरोग्य म्हणजे काय’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, असे चिटणीसबाईंनी सुचविले तेव्हा मी त्यांना म्हटले, “अहो, सांगली-मिरजेला पावलोपावली डॉक्टर आहेत. त्यांना सोडून माझ्याकडे कशाला आलात?” त्यावर त्या म्हणाल्या, “डॉक्टर दरवर्षी येतात आणि रोगांविषयी बोलतात. आरोग्याविषयी कोणी बोलतच नाही.” हे त्यांचे म्हणणे मला पटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण घरात सात माणसे आहेत, त्यांतल्या तिघांची पथ्ये तीन तऱ्हेची आहेत, आणि ती सांभाळता सांभाळता मला जे उमगले तेच आज सांगणार आहे.

आपण रस्त्यात भेटलो म्हणजे विचारतो, “प्रकृती कशी आहे?” हा शब्द किती मोठा आहे पाहा. प्रकृती म्हणजे तब्येत, प्रकृती म्हणजे स्वभाव, आणि प्रकृती म्हणजे झाडे, नदी, पाऊस असा सगळा निसर्गही. आपल्या वाडवडिलांनी तिन्हींना एकच शब्द वापरला. दुसरा शब्द ‘आरोग्य’. त्याचा अर्थ रोग नसणे, एवढाच. तिसरा ‘स्वस्थ’. जो आपल्या ठायी स्थिर आहे तो स्वस्थ. सुश्रुताने निरोगी माणसाचे वर्णन करताना वात-पित्त-कफ समतोल असावेत, अग्नी ठीक असावा, हे तर सांगितलेच. पण त्याबरोबर मन आणि इंद्रिये प्रसन्न असावीत, हेही सांगितले.

पुढे १९४८ साली जागतिक आरोग्य संघटना स्थापन झाली. तिच्या घटनेतही असेच म्हटले आहे की, रोग नसणे एवढ्यावर आरोग्य संपत नाही. शरीर, मन आणि समाजातील जीवन या तिन्ही बाबतींत माणूस पूर्णपणे सुखी असला पाहिजे. ऐकायला हे फार चांगले वाटते. पण ‘पूर्णपणे’ म्हटले की पंचाईत होते. या मापाने पाहिले तर आज या सभेत एकही बाई निरोगी निघावयाची नाही! कोणाचा गुडघा दुखतो, कोणाला साखर आहे, कोणाला मुलाच्या नोकरीची काळजी आहे. आणि तरीही आपण पहाटे उठून, घरचे आवरून, येथे वेळेवर येऊन बसलो आहोत. म्हणजे आपल्यात काहीतरी ठीक चालले आहे. त्याला काय म्हणावयाचे?

म्हणून २०११ साली नेदरलँड्समधील माक्टेल्ड ह्यूबर नावाच्या बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळा विचार मांडला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : अडचण आली, आजार आला, तरी तिच्याशी जुळवून घेऊन आपला तोल आपण सावरता येणे, हेच आरोग्य. मला हे म्हणणे अधिक जवळचे वाटते, आणि का वाटते ते एका घरगुती गोष्टीवरून सांगते.

आपल्यापैकी पुष्कळजणींकडे शिवणयंत्र आहे. त्याची सुई मोडली तर नवी बसवावी, पट्टा सैल झाला तर आवळावा, की यंत्र पुन्हा चालू. एक भाग बिघडला, तो बदलला, काम झाले. आता दह्याचे पाहा. तोच गवळी, तेच पातेले, तेच विरजण. वैशाखात चार-पाच तासांत दही लागते आणि पौषात रात्रभर ठेवले तरी दूध तसेच. मग आपण पातेले उबदार कापडात गुंडाळून ठेवतो. चमचाभर विरजणाने पातेलेभर दूध बदलते. पण लवकर लागावे म्हणून विरजण चौपट घातले तर दही चौपट चांगले होत नाही, आंबट होते. कारण दही ही जिवंत वस्तू आहे. त्यात दूध, ऊब, वेळ आणि डोळ्यांना न दिसणारे लक्षावधी जीव एकमेकांवर काम करीत असतात. अशा गोष्टींना शास्त्रज्ञ गुंतागुंतीची व्यवस्था म्हणतात. त्यात लहान कारणाने मोठा फरक पडतो, मोठ्या खटपटीने कधी काहीच होत नाही, आणि आपण एका टोकाला केलेले भलतीकडेच उमटते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, आपले शरीर, आपले घर आणि आपली आळी ही शिवणयंत्रापेक्षा दह्याला जास्त जवळची आहेत.

याचा अर्थ डॉक्टर नकोत असा कोणी घेऊ नये. हात मोडला तर तो जोडलाच पाहिजे. मोतीबिंदू पिकला तर तो काढलाच पाहिजे. येथून जवळच मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिशनचे इस्पितळ सुरू केले आणि तेव्हापासून शस्त्रक्रियेसाठी लांबलांबून माणसे मिरजेला येऊ लागली. अशा वेळी एक भाग दुरुस्त केला की माणूस उभा राहतो. परंतु साखर, रक्तदाब, अंगात रक्त कमी असणे, झोप न येणे, पुन्हा पुन्हा येणारा ताप, ही दुखणी तशी नाहीत. त्यांचे एक टोक शरीरात, दुसरे स्वयंपाकघरात आणि तिसरे रस्त्यावरच्या गटारात असते.

माझ्या सासूबाईंचे उदाहरण देते. त्यांच्या परवानगीनेच सांगत आहे. त्यांचे गुडघे दुखत, म्हणून एका डॉक्टरांनी दुखणे थांबविण्याची गोळी दिली. ती त्या महिनोन् महिने घेत राहिल्या. काही दिवसांनी रक्तदाब वाढला आणि पायांवर सूज आली. दुसऱ्या डॉक्टरांनी सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी दिली. त्यामुळे रात्री चार-चार वेळा उठावे लागे. झोप मोडते म्हणून तिसरीकडून झोपेची गोळी आली. आणि एका रात्री त्या झोपेच्या गुंगीतच उठल्या व न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडल्या. हाड मोडले नाही ही देवाची कृपा.

आता यात चूक कोणाची म्हणावी? प्रत्येकाने आपल्यापुढे आलेल्या दुखण्यावर योग्य ते औषध दिले होते. पण तिन्ही गोळ्यांच्या डब्या एका वेळी एकाच माणसाने पाहिलेल्या नव्हत्या. पुढे एका वयस्क डॉक्टरांनी आम्हांला सांगितले, “घरात असेल नसेल ते सगळे औषध एका पिशवीत भरून आणा.” त्यांनी डब्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि कोणत्या गोळीतून कोणते दुखणे निघाले ते आम्हांला बोटाने दाखविले. गुडघ्याची गोळी बंद केली, शेक आणि बसल्या बसल्या करायचा व्यायाम सांगितला, आणि बाकीची औषधे हळूहळू, तपासण्या करीत कमी केली. माझी विनंती आहे की, हे ऐकून कोणी आपल्या मनाने गोळी बंद करू नये, तेही धोक्याचे असते. पण पिशवी मात्र प्रत्येकीने भरावी.

आपल्यापैकी कित्येकींचे माहेर वाळवा, पलूस किंवा मिरज तालुक्यात कृष्णाकाठी आहे. त्यांना मीठफुटीची जमीन सांगावयास नको. उसाला भरपूर पाणी मिळाले म्हणून ते भरपूर पाजले. जमिनीखालचे पाणी वर वर येत गेले, उन्हाने ते उडून गेले आणि त्यातले क्षार मात्र वर राहिले. काळीभोर जमीन पांढरी पडली. मग उतारा घटला म्हणून खत वाढवले, तरी पीक येईना. कारण जमिनीला उपाशीपणाचा रोग नव्हताच, तुंबल्याचा होता. त्यावर उपाय म्हणजे चर काढणे किंवा जमिनीखालून सच्छिद्र नळ घालून पाण्याला वाट करून देणे. पण ते पाणी ओढ्यापर्यंत जाणार कसे? शेजाऱ्याच्या शेतातून! म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरविल्याशिवाय एकट्याची जमीन बरी होत नाही. माणसांच्या आरोग्यालाही हाच नियम आहे, आणि तो कोणी नीट ओळखला, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे.

ते गाव म्हणजे जामखेड, पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दुष्काळी तालुका. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे पतिपत्नी तेथे गेले. दोघेही वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेले. इस्पितळ काढून येईल त्या रोग्याला बरे करीत राहणे त्यांना सहज जमले असते. पण त्यांच्या ध्यानात आले होते की, जुलाबाने अशक्त झालेले मूल आज बरे करून पाठवावे, तर ते त्याच पाण्याकडे आणि त्याच रिकाम्या डब्याकडे परत जाते, आणि महिन्याभराने पुन्हा दारात येते. त्यांनी गावकऱ्यांना विचारले तेव्हा गावाने औषध मागितले नाही. गावाने अन्न आणि पाणी मागितले. म्हणून त्यांचे काम तेथूनच सुरू झाले. लहान मुलांसाठी अन्नाची सोय झाली, पाण्यासाठी विंधण विहिरी घेतल्या. हातपंप दलित वस्तीत बसविले, म्हणजे बाकीच्या गावालाही पाण्याला तेथेच यावे लागले. पुढे सांडपाण्यासाठी शोषखड्डे झाले, झाडे लागली, शेतकऱ्यांची मंडळे झाली, आणि आपल्यासारखी महिला मंडळेही झाली.

आधी त्यांनी शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत ठेवून पाहिले. ते जमले नाही. परगावच्या तरुण मुलीला एकटीने खेड्यात राहणे कठीण आणि गावालाही ती परकी. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी आणि तिला शिकवावे, असे ठरले. निवडल्या गेलेल्या पुष्कळ बायका निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातल्या होत्या, आणि कित्येकींना घरातही कोणी विचारीत नव्हते. त्या ठरलेल्या दिवशी जामखेडला यावयाच्या, शिकावयाच्या आणि एकमेकींशी बोलावयाच्या. गरोदर बाईची देखभाल, बाळाचे वजन, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी, लसी, क्षय आणि कुष्ठरोग ओळखणे, हे सारे त्या शिकल्या. १९७१च्या सुमारास त्या भागात हजार बाळे जन्मली तर वर्ष पुरे होण्याच्या आत १७६ दगावत. पाच वर्षांत हा आकडा ५२ पर्यंत उतरला आणि १९९०च्या दशकात तो तीसच्या खाली आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली व रजनीकांत २०११ साली वारले.

भगिनींनो, हा आकडा कोणत्या औषधाने उतरला, असे विचारले तर उत्तर देता येणार नाही. तो पाण्याने उतरला, भाकरीने उतरला, लसीने उतरला. आणि ज्या बाईला कोणी विचारीत नव्हते, तिचे म्हणणे गाव ऐकू लागले म्हणूनही उतरला. यातली एकच गोष्ट केली असती आणि बाकीच्या सोडल्या असत्या तर एवढा फरक पडला नसता. आज आपल्याकडे घरोघर येणाऱ्या आशाताईंची योजना २००५ साली सुरू झाली. गावातलीच बाई गावाचे आरोग्य सांभाळील, हाच विश्वास त्या योजनेच्या मुळाशी आहे.

जुळवून घेणे आणि तोल सावरणे म्हणजे काय, हे आपणही जवळून पाहिले आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तेथे धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. पाणी ओसरल्यावर एकाच रस्त्यावरची दोन घरे पाहावीत. दोन्हीकडे चिखल सारखाच, नुकसान सारखेच. पण एका घरातली माणसे चार महिन्यांत सावरलेली, आणि दुसऱ्या घरात वर्षानंतरही पावसाचा आवाज आला की म्हातारीची छाती धडधडते. सावरलेल्या घराकडे अधिक पैसा होता असेही नाही. त्यांच्याकडे येणारी-जाणारी माणसे होती. कोणी डबा दिला, कोणी मुलांना आठ दिवस ठेवून घेतले, कोणी नुसते येऊन बसले. तपासणीच्या कागदावर हे कोठे लिहिलेले नसते. पण माझ्या मते तेही आरोग्यच आहे.

आता आपल्या घरात येऊ. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या शंभर बायकांपैकी चौपन्न जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याच्या आधीच्या पाहणीत हा आकडा अठ्ठेचाळीस होता. म्हणजे लोहाच्या गोळ्या मिळत असूनही तो वाढला! असे का झाले याची कारणे पुष्कळ असतील. पण आपल्याला दिसते ते चक्र असे आहे. बाई सर्वांच्या मागून जेवते. तोपर्यंत पालेभाजी आणि उसळ संपलेली असते. उरलेल्या भाकरीबरोबर ती चहा पिते, आणि चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. रक्त कमी म्हणून थकवा, थकव्याने चिडचिड, चिडचिडीने घरात अबोला. मग आईला उरकत नाही म्हणून थोरल्या मुलीची शाळा बुडते. त्या मुलीचे लग्न लवकर होते आणि तिचे बाळ कमी वजनाचे जन्मते. ही गोळीच्या आवाक्यातली गोष्ट आहे का? गोळी घ्यावीच. पण ताट बदलल्याशिवाय हे चक्र थांबावयाचे नाही.

आपले मंडळ दरवर्षी आरोग्य शिबिर भरविते. रक्त तपासले जाते, कागद मिळतात, आणि ते कपाटात जातात. शिबिर चालू ठेवावे, पण त्याला चार गोष्टींची जोड द्यावी, अशी माझी सूचना आहे.

पहिली, पंगतीची. प्रत्येक घरात दिवसातून निदान एक जेवण सर्वांनी बरोबर बसून करावे, आणि बाईचे ताट पहिल्याच वाढपात वाढले जावे. जेवणात लिंबाची फोड घ्यावी, त्याने लोह अंगी लागते. चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा. याला खर्च काही नाही. सासूबाईंनी एकदा “तूही बस गं” म्हटले की झाले.

दुसरी, पिशवीची. दर तीन महिन्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांची सगळी औषधे एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांना दाखवावीत. ज्यांची मुले परगावी आहेत, त्यांच्यासोबत मंडळातली एक बाई जावी.

तिसरी, पाण्याच्या पिंपांची. नळाला रोज पाणी येईल याचा भरवसा नसतो म्हणून आपण पाणी साठवतो. त्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास बाहेर पडतात. मी माझे पिंप दर आठवड्याला घासले आणि शेजारी ते महिनाभर तसेच राहिले, तर माझे मूल तापातून सुटत नाही. म्हणून अख्ख्या आळीने एकच वार ठरवावा आणि त्या दिवशी सर्वांची पिंपे रिकामी करून, घासून, वरून कापड बांधावे. मीठफुटीच्या शेताप्रमाणे हेही एकट्याने होणारे काम नाही.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जी भगिनी लागोपाठ दोन सभांना आली नाही, तिच्या घरी तिसऱ्या सभेपूर्वी कोणीतरी जावे. वर्गणीची आठवण द्यावयास नव्हे, नुसते पाहावयास. माणूस आजारी पडण्याच्या पुष्कळ आधी येणेजाणे बंद करते. हे लक्षण कोणत्याही यंत्रात दिसत नाही, ते शेजारणीलाच दिसते. आपल्या आळीत दिवसभर एकट्या असणाऱ्या बायका आता पूर्वीपेक्षा जास्त आहेत. त्यांची नावे येथे घेत नाही, पण आपल्याला ती ठाऊक आहेत.

या चारही सूचना मी चिटणीसबाईंकडे लिहून दिल्या आहेत. पुढच्या मासिक सभेत त्यांवर चर्चा व्हावी, आणि ज्यांना पटतील त्यांनी आपापल्या आळीची जबाबदारी घेऊन नाव नोंदवावे. आमच्या आळीच्या पिंपांसाठी मी शनिवार धरला आहे आणि पाच घरांनी होकारही दिला आहे. बाकीच्या घरांना विचारावयास या आठवड्यात मी जाणारच आहे. कोणी सोबत आले तर बरे होईल.